विमानाचा क्रेट, प्लास्टिकचे बोल्ट आणि आमचा बंड्या: वापरानंतरचा अनुभव

क्रेट म्हणजे कुत्र्याला विमानाने न्यायची प्लास्टिकची पेटी. उन्हाळ्यात आमच्या बंड्यासाठी घेतलेल्या या क्रेटला मी आधी दोन स्टार दिले होते. आज चार करतेय. पाचवा का नाही, ते सांगायलाच एवढं लिहायला बसले. रंग, वजन, फोटो सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते परत लिहीत नाही. माझा क्रेट 91 बाय 61 बाय 66 सेंटिमीटरचा आहे. वरचा आणि खालचा भाग वेगळा होतो, पुढे लोखंडी जाळीचं दार.

दिवाळीनंतर लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीला जायचं होतं. बंड्या गावठी कुत्रा, 18 किलोचा, आणि त्याला सांभाळायला मागे कुणी नाही. कर्नाटक एक्सप्रेस सोलापुरावरूनच जाते, पण फर्स्ट एसीचा अख्खा कूपे, म्हणजे दाराची वेगळी खोलीच, मिळाला तरच कुत्रा सोबत, नाहीतर गार्डच्या डब्यातला, ब्रेक व्हॅनमधला पिंजरा. तो पिंजरा बघूनच मी नको म्हटलं. होटगी रोडवरच्या आपल्या विमानतळावरून 9 जून 2025 पासून गोव्याचं विमान सुरू झालं, पण गोव्याला जाऊन मी काय करू? म्हणजे पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर गाडीने आणि तिथून विमान. ज्या कंपन्या केबिनमध्ये प्राणी घेतात त्या हलकेच प्राणी घेतात आणि वजन बॅगेसकट धरतात, तेव्हा बंड्याची जागा खालच्या सामानाच्या कप्प्यात. त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान राखतात, पण अंधार असतो आणि आपण जवळ नसतो. म्हणून क्रेट चांगला हवा.

मापाचं मला कुणी शिकवू नये, ब्लाउज शिवण्यात जन्म गेला. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्यायची, त्यात जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचं निम्मं मिळवायचं, ही क्रेटची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उंची डोक्यापर्यंत किंवा कानाच्या टोकापर्यंत, जे वर असेल ते, आणि वर अंथरुणाची जाडी. बंड्याची लांबी 62 अधिक 14, म्हणजे 76. रुंदी 38. इथपर्यंत लहान क्रेट चालला असता. पण साहेबांचे कान उभे! कानापर्यंत 60 भरली आणि लहान क्रेट होता 58 उंच. दोन सेंटिमीटर कानांसाठी मोठ्या मापाचे पैसे मोजले. हे म्हणाले, "कान खाली बांधू की." मी ऐकलं नाही. कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे हा नियम आहे आणि काउंटरवर ते बघतात.

आता बोल्टांकडे येते. वरचा आणि खालचा भाग जोडायला कंपनीने प्लास्टिकचे फिरकीचे बोल्ट दिलेत. घरात एकदा जोडून ठेवला तर काही बिघडत नाही. पण आमच्या छोट्या गाडीच्या दारातून हा क्रेट उभा जात नाही. सोडवायचा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा, मागच्या सीटवर टाकायचा आणि पुण्यात टर्मिनलसमोर परत जोडायचा. पुणे, मुंबई, हैदराबादकडे गाडीने जाणाऱ्या आपल्यासारख्या सगळ्यांना हेच करावं लागणार. धुवायला सोडवला-जोडवला तेवढ्यातच दोन बोल्टांचे आटे गेले. फिरवत राहा, घट्ट होतच नाहीत. सामानाच्या पट्ट्यावर क्रेट कलंडला आणि छत निघालं तर कुत्रा थेट धावपट्टीवर. म्हणूनच बऱ्याच कंपन्या धातूचे नटबोल्ट मागतात.

आणि खोक्यावर मोठ्ठा शिक्का, "आयाटा अप्रूव्हड". आयाटा म्हणजे विमान कंपन्यांची जागतिक संघटना, ती कुठल्याच क्रेटला अशी मान्यता देत नाही हो. ते फक्त नियम छापतात. क्रेट नियमात बसतो की नाही ते विमान कंपनी ठरवते. हा शिक्का बघून कुणी फसू नका.

कस्टमर केअरला फोन लावला. आधी म्हणाले व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे, बोल्ट हा सुटा भाग नाही, वॉरंटीत बसत नाही. मग एक बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, पूर्ण प्रॉडक्ट रिटर्न करा ना." अहो, खोकं केव्हाच रद्दीत गेलं, आणि कुत्रा आता कुठे त्यात झोपायला लागलाय! त्याला आत जेवण देऊन देऊन, दार उघडं ठेवून, मग मिनिटभर लावून सवय लावली, ती काय कुरिअरने परत करू? शेवटी "तक्रार बंद करण्यात आली आहे" असा मेसेज आला. दोन स्टार त्या दिवशीचे.

मग टिळक चौकात हार्डवेअरच्या दुकानात वरचा भाग घेऊनच गेले. दुकानदार म्हणाला, "काकू, कूलर बसवताय का?" भोकात घालून घालून बोल्ट बघितले. स्टीलचे घेतले, आतून नट नको, कारण कुत्र्याला टोचेल, म्हणून गोल डोकं आत आणि नट बाहेर. दोन्हीकडे रुंद वॉशर, नाहीतर प्लास्टिक चिरतं. सगळं मिळून एका चांगल्या जेवणाच्या थाळीइतका खर्च. एवढ्याशा पैशासाठी कंपनीने हजारोंच्या वस्तूची अब्रू घालवली. जोडीला प्लास्टिकच्या पट्ट्यांचं एक पाकीट, कोपऱ्यांवर आवळायला. पाना मात्र केबिन बॅगेत ठेवू नका, काउंटरवरूनच गाडीत परत पाठवा नाहीतर चेक-इनच्या बॅगेत टाका.

बाकीची तयारी पटकन सांगते. रेबीजची लस आणि तिची नोंद असलेलं पुस्तक आधीच तपासा. प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला ताजा लागतो, किती दिवसांचा चालतो ते प्रत्येक कंपनीला वेगळं विचारा. येताना जुना दाखला चालत नाही, आम्ही दिल्लीत नवा घेतला. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, म्हणून आपलं तिकीट काढायच्या आधी कुत्र्याची जागा आहे का ते विचारा. मी डॉक्टरांकडे झोपेचं औषध मागितलं, त्यांनी साफ नाही म्हटलं. गुंगीत रक्तदाब उतरतो, शरीराला तापमान सांभाळता येत नाही आणि वर लक्ष ठेवायला कुणी नसतं. शेजारच्यांच्या पगला तर चपट्या नाकामुळे विमान कंपनीनेच नकार दिला होता. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास लवकर होतो.

क्रेटची चाकं काढावी लागतात, ती सहज निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पाण्याची वाटी दाराला आतून अडकते आणि दार न उघडता बाहेरून भरता येते, हेही उत्तम. फक्त भरलेली नेऊ नका, सांडते. तिच्यात बर्फ जमवून न्या. पुण्यापर्यंत तो टिकावा म्हणून मी वाटी थर्माकोलच्या डब्यात ठेवली होती. अंथरायला सोलापुरी टर्किश टॉवेल, घरात वापरलेला. आपली चादर दिसायला भारी, पण ओल शोषायला टॉवेलच.

पुण्यात टर्मिनलबाहेर यांनी क्रेट जोडला, मी बंड्याला फिरवून आणलं. काउंटरवरच्या माणसाने छताला धरून क्रेट गदागदा हलवला. मग वाकून एकेका बोल्टावरून बोट फिरवलं, नट ओढून बघितला, आणि काही न बोलता जिवंत प्राण्याचं स्टिकर चिकटवलं. बंड्याला बाहेर काढून रिकामा क्रेट एक्स-रेमधून गेला. पैसे क्रेटसकट वजनावर लागले, सामानाच्या मोफत किलोंत कुत्रा धरत नाहीत. दिल्लीत दार उघडलं तेव्हा टॉवेल कोरडा, वाटी चाटूनपुसून साफ, आणि साहेब जांभई देत बाहेर.

मत बदललं ते मात्र घरी परत आल्यावर. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम झालं. दरवर्षी बंड्या तेव्हा कपाटामागे घुसून थरथरत असतो, ओढून काढावं लागतं. यंदा पहिला बार वाजला आणि हा आपणहून क्रेटमध्ये जाऊन बसला. दारूकाम संपेपर्यंत तिथेच. विक्रीच्या पानावर या उपयोगाचा शब्द नाही! त्या रात्री तीन केले, आणि प्लास्टिक इतक्या उन्हाथंडीत कुठे तडकलं नाही म्हणून आज चार.

पाचवा अडकलाय तो नटबोल्टांतच. गंमत म्हणजे परवा कंपनीचं कुरिअर आलं. आत काय? तोच प्लास्टिकच्या बोल्टांचा नवा संच, "आपल्या संयमाबद्दल आभार" अशा चिठ्ठीसह. जुळे सोलापुरात कुणाकडे हा क्रेट असेल आणि घरातच वापरायचा असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.