निकॉन डी७२०० की कॅनन ८०डी? सोलापुरात दोन्ही वापरल्यानंतरचा अनुभव

फोटोच्या दर्जावरून या दोघांत निवड करायला जाऊ नका, हे आधीच सांगून टाकतो. दोन्ही डीएसएलआर कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे. ए-४ आकाराचे प्रिंट शेजारी शेजारी ठेवले तर कोणता कशाचा हे मी स्वतः खात्रीने सांगू शकत नाही. निवड करायची ती आपण काय टिपणार, लेन्स कोणाकडून मिळणार आणि बिघडलं तर जाणार कुठे, यावरून.

आमच्या घरात दोन्ही कॅमेरे आहेत. डी७२०० माझा, ८०डी मेव्हण्याचा. एक २०१५ सालचं मॉडेल, दुसरं २०१६चं. दोन्ही वापरलेलेच घेतले. लग्नाचं काम करणारे बहुतेक जण आता मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळलेत, त्यामुळे या वर्गातल्या चांगल्या बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे) निम्म्याहून कमी किमतीत सुटतात. हौशी माणसाला हीच संधी. उन्हाळा, पावसाळा आणि जानेवारीतला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, सगळं यात आलं. मध्येमध्ये आम्ही कॅमेरे अदलाबदल करून वापरले.

मी निकॉन घेतला तो एका लेन्ससाठी. मला सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्याचा माळ टिपायचा होता. माळढोक आता दिसणं नशिबाची गोष्ट, पण काळवीट आहेत, हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या हे शिकारी पक्षी आहेत, आणि एखाद्या पहाटे लांडगाही दिसतो. तिथे ३०० मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. निकॉनची २००-५०० एफ ५.६ ही लेन्स त्या पैशात मिळणाऱ्या लेन्समध्ये वेगळीच आहे : ५०० वरही छिद्र ५.६च राहतं (हा आकडा वाढला की आत येणारा उजेड कमी होतो), आणि निकॉनच्या छोट्या सेन्सरच्या १.५ क्रॉपमुळे दृश्य ७५० मिलिमीटरइतकं जवळ येतं. कॅननमध्ये तिच्या तोडीची त्याच किमतीत कंपनीची लेन्स नाही. १००-४०० एल उत्तम, पण खिशाला झेपत नाही. मग सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० घ्यावी लागते. त्याही चांगल्या आहेत, पण टोकाला छिद्र ६.३ होतं आणि सकाळच्या कोवळ्या उजेडात तो फरक जाणवतो.

२००-५००चं वजन मात्र २.३ किलो. हातात धरून दहा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. मी गाडीच्या खिडकीवर ठेवायला जुन्या चादरीची पिशवी शिवून घेतली आणि तिच्यात ज्वारी भरली. विकतच्या बीनबॅगपेक्षा बरी बसते. घरी आल्यावर ती डब्यात ठेवायची, नाहीतर उंदीर लागतात.

माळावर ब्रँडपेक्षा मोठा शत्रू म्हणजे तापलेली हवा. नऊ-साडेनऊनंतर जमिनीतून वाफ उठल्यासारखं सगळं हलायला लागतं, आणि शंभर मीटरवरच्या काळविटाची शिंगं वितळल्यागत येतात. फोकस चुकला असं वाटून लोक लेन्स दुरुस्तीला टाकतात. दोष लेन्सचा नसतो. उजाडताच पोचा किंवा प्राणी जवळ येईपर्यंत थांबा, तिसरा उपाय नाही. उडत्या पक्ष्याच्या मागे दोन्ही कॅमेरे छान धावतात. निकॉनचे फोकस बिंदू ५१, पैकी १५ क्रॉस प्रकारचे, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. कॅननचे ४५ आणि सगळेच क्रॉस. निकॉन सेकंदाला सहा फ्रेम काढतो, कॅनन सात. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) बोट दाबून धरलं तर तीनेक सेकंदांत दोघांचीही दमछाक होते. हिप्परग्याच्या तलावावरच्या पट्टकादंब हंसांवर दोन्ही चालवून पाहिले, उन्नीस-बीस.

खरी परीक्षा गड्ड्यात. अक्षता सोहळ्याच्या दिवशी दुपारचं ऊन, नंदीध्वज पेलणाऱ्या मानकऱ्यांची पांढरीशुभ्र बाराबंदी, आणि फेट्याच्या सावलीत बुडालेले सावळे चेहरे. चेहऱ्यावर एक्स्पोजर घेतलं की बाराबंदीचा नुसता पांढरा ठिपका होतो, कापडाच्या चुण्या, बंद सगळं गायब. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ किंवा उणे १ वर ठेवतो आणि रॉमधून सावल्या उचलतो. इथे डी७२०० सरस आहे, यात शंका नाही. दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उचलूनही चेहरे स्वच्छ राहतात. ८०डी कॅननच्या आधीच्या मॉडेलांपेक्षा खूप सुधारलाय, तरी तेवढंच उचललं की गालाखाली, केसांत रंगीत दाणे दिसू लागतात.

पण त्याच गर्दीत ८०डीचा फिरणारा पडदा पाहून माझा जीव जळला. अक्षता सोहळा होतो त्या सम्मती कट्ट्याजवळ माणसाला माणूस चिकटलेला, डोळ्याला कॅमेरा लावून समोरच्याच्या टोपीशिवाय काही दिसत नाही. मेव्हण्याने हात वर केले, पडदा खाली वळवला, बोटाने पडद्यावर फोकस दिला आणि नंदीध्वज गाठीपासून झुलीपर्यंत फ्रेममध्ये. डी७२००चा पडदा जागचा हलत नाही. हात वर करून अंदाजाने फोटो काढायचे आणि देवावर भरवसा ठेवायचा. सिद्धेश्वराने काही वेळा ऐकलं.

पडद्यावरून फोकस हा कॅननचा हुकमी एक्का. ड्युअल पिक्सेल या सेन्सरवरच्याच फोकस पद्धतीमुळे व्हिडिओत फोकस माणसासोबत गुळगुळीत सरकतो. डी७२०० पडद्यावर मागे-पुढे शोधत बसतो आणि व्हिडिओत ते शोधणंही रेकॉर्ड होतं. लग्नात, बारशाला घरचे व्हिडिओ मागणार असतील तर इथेच विचार संपवा आणि कॅनन घ्या.

मंगल कार्यालयांबद्दल आणखी एक. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, १/२५० शटरला लगेच कळतं : एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, त्यापुढचा काळपट. ८०डीत अँटी-फ्लिकर आहे, तो प्रकाशाची लाट वर आली की शटर सोडतो. डी७२००मध्ये फोटोसाठी ती सोय नाही. मी शटर १/१०० वर आणतो, पूर्ण एक लाट त्यात येते आणि फोटो एकसारखे होतात. मात्र अक्षता टाकणारे हात हलके पुसट येतात, ते चालवून घ्यावं लागतं.

हळदीला पिवळ्या कापडाचा मांडव असेल तर दोन्ही कॅमेरे अख्ख्या वऱ्हाडाला कावीळ करतात. कॅननचा तयार जेपेग त्यातल्या त्यात माणसात असतो. निकॉनला पांढऱ्या कागदावरून व्हाइट बॅलन्स शिकवला की प्रश्न मिटतो, पण तेवढा वेळ मिळायला हवा. थेट अल्बमला जेपेग देणारे फोटोग्राफर कॅनन का धरून बसतात, ते यावरून कळतं. निकॉनच्या बाजूने एवढंच की कार्डाच्या जागा दोन आहेत. एकाच वेळी दोन्हींवर लिहून घ्या आणि निवांत जेवा.

सवयीचा घोळही आहे. झूमची रिंग एका कंपनीत ज्या दिशेने फिरते, दुसरीत बरोबर उलट. लेन्स काढाय-घालायची दिशाही उलटीच. 'दाजी, उलटं फिरवालाय,' हे मेव्हण्याचं वाक्य आमच्या घरात आता म्हण झालंय.

जुन्या लेन्सचं गणित मात्र नीट समजून घ्या. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी, १९५९चा, पण जुन्या एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते. डी७२००च्या बॉडीत ती आहे, म्हणून स्टुडिओवाल्यांच्या कपाटात पडलेली ५० मिमी १.८ डी मला स्वस्तात मिळाली आणि झकास चालते. हीच लेन्स निकॉनच्याच डी३५०० किंवा डी५६००ला लावली तर हाताने फोकस करत बसावं लागेल, कारण त्यांत मोटर नाही. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणताना मोटर थेट लेन्समध्येच घातली, त्यामुळे ८०डीला असली भानगड नाही. पुढे मिररलेसवर जातानाही हाच फरक आडवा येतो. कॅननच्या अॅडॉप्टरवर ईएफ लेन्स फोकससकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरवर मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतात, पण एएफ-डीचा ऑटोफोकस जातो.

पेंटॅक्सही मी पाहिला होता. हात हलल्याचा परिणाम कमी करणारं स्टॅबिलायझेशन बॉडीतच, धूळ-पाण्याला घट्ट, पैसा वसूल. पण गावात एक लेन्स उसनी मिळेना. सोनीने आपला डीएसएलआर पद्धतीचा ए माउंट २०२१मध्ये बंदच केला.

वापरलेला घेताना शटर किती वेळा पडलंय ते बघा. कंपनीच्या चाचणीचा आकडा डी७२००साठी १,५०,००० आणि ८०डीसाठी १,००,००० आहे. निकॉनमध्ये तो आकडा प्रत्येक मूळ फोटोच्या माहितीत असतो. विकणाऱ्याला आत्ता काढलेला एक फोटो पाठवायला सांगा, पण व्हॉट्सअॅपवर साधा नको, त्यात माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून मागा. कॅननसाठी बहुधा कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअर चालवावं लागतं. एका विक्रेत्याने मला 'घरगुती वापर, पाच हजारसुद्धा झाले नाहीत' म्हणून एक बॉडी दाखवली होती. आकडा निघाला लाखाच्या पुढे. बिल मागितल्यावर ते हरवलेलंच होतं.

दुरुस्तीचं मोठं काम निघालं तर आमचे दोघांचेही कॅमेरे पुण्याला जातात, तेव्हा तिथेही बरोबरी. सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने गेलं की संध्याकाळच्या गाडीने परत. सेन्सरवरची धूळ मात्र मी घरीच ब्लोअरने काढतो, आणि माळावर लेन्स बदलायची वेळ आलीच तर गाडीच्या काचा वर करून, पंखा बंद करून. सोलापूरच्या कोरड्या हवेत बुरशीचा त्रास तसा कमी, कोकणातल्यांना सिलिका जेलचे डबे जपावे लागतात.

मेव्हणा दिवाळीनंतर मिररलेस बॉडी घेऊन अॅडॉप्टरवर जायचं म्हणतोय, लेन्स सगळ्या ठेवून. ८०डी तेव्हा विकायला निघेल. त्याचा फिरणारा पडदा पुढच्या गड्ड्याला आपल्याकडे असावा म्हणून मी भाव पाडायला आत्तापासूनच सुरुवात केली आहे.