युनिव्हर्सिटीतले ट्रेनी काउन्सेलर: "ट्रेनी" वाचून अपॉइंटमेंट सोडू नका (युके, सविस्तर रिव्ह्यू)

युकेत मास्टर्सला आलेल्या आणि येणाऱ्या आपल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. रूमचे, सिमकार्डचे, इंडियन ग्रोसरीचे रिव्ह्यू ग्रुपवर रोज पडतात पण युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंगबद्दल कुणी काही लिहीत नाही, लिहिलं तर "वेटिंग खूप आहे" एवढंच. मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका युनिव्हर्सिटीत होतो, नाव देत नाही, कारण मी जे सांगतोय ती पद्धत थोड्याफार फरकाने बऱ्याच ठिकाणी तशीच आहे. माझे सगळे सेशन एका ट्रेनी काउन्सेलरसोबत झाले. ५ पैकी ४ स्टार देतो. एक स्टार कापलाय तो का ते खाली येईल, पण तो ट्रेनीमुळे कापलेला नाही हे आत्ताच सांगून टाकतो.

आधी ट्रेनी म्हणजे नक्की कोण, कारण सगळी भीती तिथेच आहे. आपण फॉर्म भरतो आणि काही दिवसांनी ईमेल येतो की तुम्हाला ट्रेनी काउन्सेलर भेटतील, चालेल का. आमच्या फ्लॅटमधल्या एका मुलीने तो ईमेल वाचून सरळ नाही कळवलं, तिचं म्हणणं शिकाऊ माणसापुढे मी माझं सगळं का उघड करू, मग ती क्वालिफाइड काउन्सेलरच्या वेटिंगवर राहिली आणि नंबर लागेपर्यंत सेमिस्टर संपायला आलं. मला तेव्हाही वाईट वाटलं आणि आता जास्त वाटतं, कारण तिला जी माहिती द्यायला हवी होती ती त्या ईमेलमध्ये नव्हतीच.

तर माहिती अशी. इथे काउन्सेलिंग शिकणाऱ्यांना नुसता अभ्यास करून डिप्लोमा किंवा डिग्री मिळत नाही, खऱ्या क्लायंटसोबत तास भरावे लागतात, त्यासाठी ते कुठेतरी प्लेसमेंट (नोकरी नाही, इंटर्नशिपसारखं काम) घेतात आणि युनिव्हर्सिटीची काउन्सेलिंग सर्व्हिस हे त्यातलंच एक ठिकाण. बीएसीपी म्हणून ब्रिटनमधली काउन्सेलर लोकांची मोठी संघटना आहे, तिची मान्यता असलेल्या कोर्सला किमान १०० तास सुपरविजनखाली क्लायंटसोबत काम करावंच लागतं. आणि पहिल्या दिवशी कुणी येऊन खुर्चीत बसत नाही, आधी वर्गात एकमेकांसोबत प्रॅक्टिस करतात, मग कोर्सचे शिक्षक बघतात की हा माणूस क्लायंटसमोर बसायला तयार आहे का, त्यानंतर प्लेसमेंट. बऱ्याच जागा बिनपगारी असतात, म्हणजे समोरचा माणूस स्वतःची नोकरी, घर सांभाळून आठवड्यातला एखादा दिवस आपल्यासाठी देत असतो.

दुसरं म्हणजे सुपरविजन. ट्रेनी जे काही काम करतो ते नियमितपणे एका अनुभवी सुपरवायझरसमोर मांडतो, महिन्याला किमान दीड तास हा नेहमीचा हिशोब, शिवाय कोर्सचे शिक्षक वेगळे. आपल्याकडे डेंटल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर दात बघतात आणि सर मागे उभे असतात तसंच, फक्त इथे सर खोलीत नसतात, नंतर भेटतात. उलट एक गोष्ट खूप जणांना माहीत नसते, ब्रिटनमध्ये "काउन्सेलर" ही पाटी लावायला कायद्याने कसलीच अट नाहीये, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला एचसीपीसी या कायद्याने नेमलेल्या नोंदणी संस्थेकडे नाव नोंदवावं लागतं पण काउन्सेलर कुणीही म्हणवून घेऊ शकतं. म्हणून बाहेर पैसे देऊन कुणाकडे जाणार असाल तर बीएसीपीसारख्या रजिस्टरवर नाव आहे का ते आधी बघा. अशा परिस्थितीत युनिव्हर्सिटीत बसलेला, दोन ठिकाणांहून लक्ष ठेवलं जात असलेला ट्रेनी मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

आता माझा अनुभव. मी गेलो ते काही फार मोठं घडलं म्हणून नाही. झोप उडाली होती, लेक्चरला जायचं मन व्हायचं नाही, डिसेंबरात इथे चार वाजताच अंधार पडतो आणि मी पाच वाजता पांघरूण घेऊन पडून राहायला लागलो होतो. घरचे फोन घेणं बंद केलं होतं. एज्युकेशन लोनसाठी बाबांनी नाशिकच्या फ्लॅटचे कागद बँकेत ठेवलेत, आणि फोनवर ते कधीच पैशाचं विचारत नाहीत, फक्त "जेवलास का" विचारतात, आणि त्याचाच त्रास व्हायचा. नोकरीसाठी अर्ज चालले होते, उत्तरं येत नव्हती.

फॉर्म भरल्यावर आधी एका सीनियर काउन्सेलरने छोटी भेट घेतली आणि त्यांनी ठरवलं मला कुणाकडे पाठवायचं. ही भेट मला फार महत्त्वाची वाटली कारण ज्यांच्या जिवाला धोका आहे किंवा ज्यांची केस गुंतागुंतीची आहे त्यांना ट्रेनीकडे देत नाहीत, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. कोअर-१० नावाचा एक कागद भरायचा असतो, मागच्या आठवड्याबद्दल १० वाक्यं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४०. त्यात आयुष्य संपवण्याचा बेत केला का असंही एक वाक्य आहे. ते वाचून घाबरू नका, सगळ्यांनाच विचारतात, आणि तिथे खरं तेच लिहा, कारण त्यावरून तुम्हाला लवकर बोलवायचं का हे ठरतं.

माझ्या ट्रेनी पन्नाशीच्या असतील. आपल्या डोक्यात ट्रेनी म्हणजे बावीस-तेवीसची पोरगी असते पण इथे दुसरं करिअर म्हणून काउन्सेलिंगला येणारे खूप आहेत, आयुष्य बघितलेली माणसं असतात. पहिल्या सेशनला त्यांनी स्वतः सांगितलं की मी ट्रेनी आहे, अमुक कोर्स करते, माझं काम सुपरवायझरसमोर जातं पण तुमचं नाव जात नाही. मग गोपनीयतेबद्दल सांगितलं, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका वाटला तर मला इथल्या सीनियरशी बोलावं लागेल, बाकी डिपार्टमेंटला काही जात नाही. मी व्हिसाचं विचारलं, कारण आपल्या ग्रुपमध्ये ही अफवा जोरात असते की काउन्सेलिंगला गेलं की होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्याला, कळतं. तसं नाहीये. हजेरी कमी झाली तर युनिव्हर्सिटी बघते, तो भाग वेगळा, पण काउन्सेलरच्या नोट्स त्यात जात नाहीत. सेशन रेकॉर्ड करायची परवानगी पण मागितली, त्यांच्या कोर्सला द्यावं लागतं म्हणून, मी नको म्हणालो, त्या म्हणाल्या ठीक आहे आणि विषय संपला. ही परवानगी द्यायची की नाही हे पूर्ण तुमच्यावर असतं.

सेशन ५० मिनिटांचं. इथल्या बऱ्याच कोर्सवर कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीचा प्रभाव आहे, म्हणजे काउन्सेलर उपाय सांगत नाही, ऐकतो आणि तुम्ही जे बोलताय ते तुमच्यासमोर नीट मांडतो. पहिले एकदोन सेशन मला याचा राग आला, मला वाटत होतं कुणीतरी सांगावं हे कर ते कर. पुढे कळलं की सल्ले द्यायला तर मला माणसं भरपूर होती, काका, मामा, सीनियर, सगळे, माझं पूर्ण बोलणं कुणी ऐकलं नव्हतं.

एक प्रसंग सांगतो कारण माझे चार स्टार त्यावर उभे आहेत. दुसऱ्या सेशनला मी लोनचं, बाबांचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की तुम्ही मोठे आहात, तुमचं आयुष्य तुमचं आहे. माझा मूडच गेला. आमच्याकडे असं नसतं हे कसं सांगायचं, घराचे कागद बँकेत आहेत आणि "माझं आयुष्य माझं" म्हणायचं कसं. मी गप्प बसलो आणि वेळ संपली. पुढच्या आठवड्यात त्यांनी सुरुवातच तिथून केली. म्हणाल्या, मागच्या वेळी मी घाई केली, तुमच्या घरात हे कसं चालतं ते मला कळलेलं नाही, मी सुपरविजनमध्ये पण यावर बोलले, तुम्ही मला पुन्हा सांगाल का. मग मी पूर्ण सेशनभर बोललो. घर, बँक, आईचं "आम्ही मजेत आहोत" म्हणणं, सगळं. त्यांनी मधे अडवलं नाही, फक्त शेवटी विचारलं, बाबांना खरं कळलं तर नक्की काय होईल असं वाटतं. मला उत्तरच देता आलं नाही, कारण तो विचार मी तिथपर्यंत कधी नेलाच नव्हता.

मला वाटतं सुपरविजनचा खरा उपयोग हा आहे. चुकलेलं वाक्य आठवड्याभरात कुणीतरी त्यांच्यासोबत बसून तपासलं आणि त्या परत आल्या. माझ्या आधी त्यांच्याकडे क्लायंट थोडेच असतील त्यामुळे त्यांना माझ्या बहिणीच्या परीक्षेची तारीखसुद्धा लक्षात असायची. नंतर एका रविवारी मी घरी फोन लावला आणि झोप लागत नाहीये, नोकरीचं काही दिसत नाहीये हे सांगितलं. बाबा म्हणाले बरं झालं सांगितलंस, हप्त्यांचं आपण बघू. एवढंच. त्यानंतर सगळं छान झालं असं नाही, पण फोन घ्यायला लागलो आणि हळूहळू झोप यायला लागली.

आता कमी काय. सेशन सहाच मिळतात, दुसऱ्या ठिकाणी कमीजास्त असतील. ट्रेनी ठराविक दिवशीच येतात, माझ्या मित्राची लॅब नेमकी त्याच दिवशी होती म्हणून त्याला पुढे ढकललं. डेडलाइन वाढवून घ्यायला पत्र हवं असेल तर ट्रेनी देत नाहीत, त्यासाठी जीपी (म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर) किंवा वेलबीइंगच्या ॲडव्हायजरकडे जा, आणि हे पहिल्याच आठवड्यात करा. जीपीकडे नाव नोंदवलं नसेल तर आज नोंदवा, व्हिसाच्या वेळी वर्षाला ७७६ पौंडाचा हेल्थ सरचार्ज आपण भरलेलाच असतो. इंग्लंडमध्ये एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजला जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतः पण नाव देता येतं.

आणि तो कापलेला स्टार. आमच्याकडे ट्रेनींचं प्लेसमेंट त्यांच्या कोर्सच्या वर्षाप्रमाणे चालायचं, सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू, जूनपर्यंत संपलं. बॅचलर्सची मुलं तेव्हा घरी जातात म्हणून कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण आमचं मास्टर्स १२ महिन्यांचं, आमचा डिसर्टेशनचा काळ जून ते सप्टेंबर, कॅम्पस रिकामं, फ्लॅटमधले अर्धे गेलेले, व्हिसा आणि नोकरीचं टेन्शन सगळ्यात जास्त तेव्हाच. ऑगस्टमध्ये मला पुन्हा जायचं होतं, उत्तर आलं की ट्रेनी आता ऑक्टोबरात येतील. ऑक्टोबरात मी तिथला विद्यार्थीच नसणार होतो. हे चुकीचं आहे आणि यात ट्रेनींचा काही दोष नाही, सर्व्हिसने आखणी बॅचलर्सचं कॅलेंडर समोर ठेवून केलीये. परदेशी मुलांकडून फी घेताना आम्ही बारा महिन्यांचे असतो तर मदत पण बारा महिने पाहिजे. मी लेखी कळवलं की काही ट्रेनींना जानेवारीत घ्या म्हणजे त्यांचे तास उन्हाळ्यात पूर्ण होतील, नोंद घेतली असं उत्तर आलंय. तुमच्या युनिव्हर्सिटीत असंच असेल तर स्टुडंट्स युनियनमार्फत मागणी करा, एकट्याचा ईमेल वाचला जातो पण त्याने फार काही हलत नाही.

हे सगळं बघताना पुण्यातल्या माझ्या मावसबहिणीची आठवण व्हायची, ती काउन्सेलिंग सायकॉलॉजीत एमए करतेय आणि इंटर्नशिप करतेय. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक क्वालिफाइड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे. चांगलंच आहे, फक्त आता कॉलेजांनी ही जागा इंटर्नवर भागवू नये एवढी काळजी वाटते. मला जो फायदा झाला तो ट्रेनीच्या मागे सीनियर आणि सुपरवायझर होते म्हणून झाला. मागे कुणी नसताना एकट्या इंटर्नला दोन हजार मुलांच्या कॉलेजात बसवलं तर त्या इंटर्नचे पण हाल आणि मुलांचे पण.

फॉर्म कधी भरायचा तर ऑक्टोबरमध्येच, त्रास अंगावर यायची वाट बघू नका, आणि उपलब्ध वेळेत जमतील तेवढे सगळे दिवस टिक करा. "ट्रेनी चालेल का" ला हो म्हणा. नाही जमलं कुणाशी तर बदलून मागता येतं. सेशनची वाट बघताना रात्री जड जात असेल तर बऱ्याच युनिव्हर्सिटीत नाइटलाइन नावाची रात्रीची हेल्पलाइन असते, विद्यार्थ्यांनीच चालवलेली, १९७० मध्ये एसेक्सला सुरू झालेली. सॅमॅरिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ नंबर चोवीस तास आणि फुकट. इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबलं की मेंटल हेल्थची लाइन मिळते, जिवाला धोका असेल तर थेट ९९९. आणि घरच्यांनाच आधार हवा असेल, कारण तिकडे त्यांची पण झोप उडालेली असते, तर भारतात टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६, तिथे मराठीतून बोलता येतं.