मोरा ते भाऊचा धक्का: रोज लाँचने ये-जा केल्यावर

घर उरणला आणि ऑफिस माझगावला, त्यामुळे मला हमखास विचारलं जातं: आता अटल सेतू झाला, लोकल थेट उरणपर्यंत आली, तरी तू लाँचने का जातेस? गेला पावसाळा आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा माझगावच्या भाऊच्या धक्क्यावरून ये-जा केली, तेव्हा आता नीट उत्तर देता येईल. महिन्यातले निम्मे दिवस लाँचसारखं सुख नाही. उरलेले निम्मे दिवस पंचांग बघून घराबाहेर पडावं लागतं.

आधी सुखाचं सांगते. उरणच्या मोरा बंदरापासून धक्क्यापर्यंत पाऊण ते एक तास लागतो. बसायला जागा मिळते, वारा असतो, कोणी अंगावर रेलत नाही. बायका भाजी निवडतात, पुरुष पेपर नाहीतर डुलकी काढतात. एका बाजूला घारापुरी, पुढे जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या आणि बाहेर नांगर टाकून उभी असलेली जहाजं. हिवाळ्यात कुरव पक्षी लाँचच्या मागे लागतात आणि कोणीतरी गाठ्या उडवतंच. धक्क्यावर उतरलं की डॉकयार्ड रोड स्टेशन चालत पंधरा-वीस मिनिटांवर. माझं ऑफिस त्याच्याही अलीकडे, म्हणून मला हे परवडतं. ज्यांना पुढे अंधेरीला जायचंय त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

लोकलचं म्हणाल तर १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर–उरण टप्पा सुरू झाला आणि मार्ग पूर्ण झाला. पण ती गाडी नेरूळ-बेलापूरला जाते. तिथे उतरून हार्बरची गाडी पकडायची, आणि हार्बरची गर्दी काय असते ते सांगायला नको. अटल सेतूचंही त्याच दिवशी उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटरचा, त्यातला साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. भारीच आहे, पण टोल आहे, आणि दुचाकी-रिक्षांना बंदी आहे. आमच्याकडे चारचाकी नाही, स्कूटर आहे. म्हणजे देशातला सगळ्यात लांब सागरी पूल आमच्या दारात येऊन आमच्यासाठी नाहीच.

आता पंचांगाचं. मोऱ्याला गाळ साचलेला आहे. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँच जेटीला लागू शकत नाही, आणि फेऱ्या तास-दोन तास, कधी त्याहून जास्त बंद राहतात. हे वेळापत्रकात बघून कळत नाही, कारण ओहोटी रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पहिल्या काही आठवड्यांत मला हा सगळा लहरी कारभार वाटायचा. मग लाँच चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी कोळ्यांचा हिशेब सांगितला: तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि ओहोटी भर दुपारी, जेव्हा मी ऑफिसात असते. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. पुढे द्वितीयेला ओहोटी साडेसातला, चतुर्थीला नऊला. नेमकी कामावर जायची वेळ.

त्यात भर म्हणजे हे उधाणाचे दिवस. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी खोल जाते. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. थोडक्यात, मोऱ्याच्या लाँचसाठी अष्टमी ते दशमी सोन्याचे दिवस, आणि अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे चार दिवस कटकटीचे. त्या चार दिवसांत मी मुकाट्याने लोकल पकडते. मोबाइलवर भरतीचा तक्ता मिळतो, तो अचूक असतो, पण कॅलेंडरवर तिथी बघून क्षणात अंदाज येतो. साठीतल्या सासूबाईंना आता माझ्या तोंडून तिथ्या ऐकून फार बरं वाटतं. एकादशीला भरती सव्वाआठला असते म्हणून मला ती लक्षात राहते, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

धक्क्याच्या बाजूला ही अडचण तेवढी नाही, तिथे फक्त पायऱ्यांची गंमत आहे. भरतीला दोन पायऱ्या उतरलं की लाँच. ओहोटीला तीच लाँच खोल खाली असते आणि मधल्या पायऱ्या शेवाळाने हिरव्यागार. टायर धक्क्यावर घासून लाँच खाली-वर होत असते, खलाशी एक पाय पायरीवर आणि एक कठड्यावर ठेवून उभा, आणि "ताई, आत्ता" म्हणाला की आत्ताच पाऊल टाकायचं, विचार करत बसायचं नाही. दोन लाँच शेजारी लागल्या असतील तर एकीतून दुसरीत जायचं. साडी नेसून हे जमतं, उंच टाचांनी नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी भरतीचीच वेळ बघावी.

हा धक्का ज्यांच्या नावाने आहे ते भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भर टाकून त्यांनी धक्का बांधला, कोकणातून येणाऱ्या उतारूंची आणि मालाची सोय झाली. पुढे १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक झाली, समुद्र हटवत हटवत सगळा पूर्व किनारा बदलला. आजचा धक्का मूळ जागी नाही. नाव तेवढं बरोबर आलं. सरकारी कागदावर फेरी व्हार्फ लिहितात, पण टॅक्सीवाल्याला तसं सांगून बघा.

आमच्या आधीच्या पिढीला धक्का म्हटलं की कोकण बोट आठवते. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत पणजीपर्यंत जाणारी. बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून किनारा गाठायचा. गणपतीला पावसाचे दिवस, म्हणून बोट बंद, मग शिमग्याला आणि मे महिन्यात झुंबड. ऐंशीच्या दशकाअखेर ती सेवा संपली. तरीही धक्का बंद पडला नाही, त्याचं श्रेय मोरा आणि अलिबागकडच्या रेवसच्या साध्या लाकडी लाँचना द्यावं लागेल.

रेवस म्हटलं की 'रामदास' बोटीची आठवण येतेच. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. सकाळी इथूनच रेवसला निघालेली 'रामदास' वादळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. उरण-अलिबागकडे अजून अशी घरं आहेत जिथे ही गोष्ट कालची असल्यासारखी सांगतात. म्हणून पावसाळ्यात तीन नंबरचा, म्हणजे वादळी हवेच्या इशाऱ्याचा बावटा लागला आणि लाँच थांबल्या की मी कुरकुर करत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचवर नौदलाची स्पीडबोट आदळली, त्यानंतर लाइफ जॅकेट घालायला सांगू लागले. काही दिवस सगळे घालायचे. मग उकाडा वाढला, आणि आता बहुतेकांच्या मांडीवर ते उशीसारखं असतं. मी घालते, घामाला दोन शिव्या देऊन.

पावसाळ्यात एरवीही अनुभव वेगळाच. भाडं वाढतं, ताडपत्र्या सोडलेल्या, आत डिझेलचा वास कोंडलेला. ज्यांना बोट लागते त्यांनी इंजिनापासून लांब आणि बाहेर नजर ठेवून बसावं. मात्र १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा धक्क्याचा रस्ता कोरडा आणि रिकामा मिळतो. एरवी पहाटे ट्रॉलर लागलेले, पाट्या, बर्फाच्या गाड्या, लिलावाचा कालवा, आणि पायाखाली बर्फाचं खारट पाणी. चपला ऑफिसात ठेवलेल्या बऱ्या. वासाची सवय होते, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला अजून झालेली नाही. उलट फायदा असा की परतताना कधीतरी बोंबील बाजारापेक्षा स्वस्त मिळून जातात.

धक्क्यालाच लागून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट आहे, मार्च २०२० पासूनची. पाचशे माणसं आणि १४५ गाड्या घेणारं जहाज, एसी, कॅन्टीन. शनिवारी तिथे अलिबागच्या बंगल्यांकडे निघालेल्या मोटारींची रांग लागते. तिला ओहोटीची चिंता नाही, कारण तिची जेटी त्या हिशेबाने बांधली. मोऱ्यालाही अशीच रो-रो जेटी व्हायची आहे, काम वर्षानुवर्षं रेंगाळलंय. माझं मत सांगायचं तर पुलामुळे किंवा लोकलमुळे लाँचचे प्रवासी जेवढे तुटले नसतील तेवढे गाळाने तुटतात. ज्याला एकदा जेटीच्या पुढ्यात, घर दिसत असताना, पाणी चढायची वाट बघत बसावं लागलं तो दुसऱ्या दिवशी नेरूळची गाडी धरतो.

तेव्हा लाँच कोणी वापरावी? दोन्ही टोकांना ज्यांचं काम रिक्षाच्या किंवा पायी अंतरावर आहे, आणि ज्यांचे साहेब अर्ध्या तासाचा उशीर खपवून घेतात, त्यांनी जरूर. महिन्याचा हिशेब करताना मोऱ्याच्या रिक्षाचे पैसे धरायला विसरू नका, ते लाँचच्या भाड्याबरोबरच वाढत जातात. परतीची शेवटची लाँच किती वाजता आहे ते सकाळीच खिडकीवर विचारून घ्या, ओहोटी असेल तर ती लवकर सुटते किंवा सुटतच नाही.