वारस दाखला की सक्सेशन सर्टिफिकेट?

वडील गेले, मृत्युपत्र नाही, भावंडांत वाद नाही. अशा वेळी पुण्यात शिवाजीनगर कोर्टात कुठला अर्ज करायचा, हे आधी घरातले कागद काढून ठरवा. मागे काय राहिलंय, त्यावर सगळं अवलंबून आहे.

कोथरूडचा फ्लॅट किंवा दुसरी स्थावर मिळकत असेल तर वारस दाखला, म्हणजे वारस कोण हे सांगणारा कोर्टाचा कागद. हा १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं. ते ठेवी, शेअर, रोखे आणि येणी यांच्यापुरतंच. घर-जमिनीसाठी ते मिळतच नाही. त्याची फी रकमेप्रमाणे वाढते, म्हणून खर्चाचा खरा विचार इथेच करायचा.

आणि तो करण्याआधी बँकेत जा. ठेवीला नॉमिनी असेल तर सक्सेशन मागायचं बँकेला कारणच नाही. नॉमिनी नसला तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंतचे (सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतचे) बिनवादाचे दावे कोर्टाशिवाय निकाली निघतात. पुण्यात बऱ्याच घरांच्या ठेवी सहकारी बँकांत आहेत, तेव्हा ही दुसरी मर्यादा लक्षात ठेवा. रक्कम त्यावर गेली किंवा शेअर मोठे असले, तर मात्र सक्सेशन घेतलेलं बरं. ते पाहून बँकेने प्रामाणिकपणे पैसे दिले की तिची जबाबदारी संपते, म्हणून तिथे नुसत्या वारस दाखल्यावर भागेलच असं धरून चालू नका. अर्जात प्रत्येक ठेव, प्रत्येक फोलिओ (शेअर-फंडाचा खाते क्रमांक) लिहा. राहिलेलं पुढे वाढवून मिळतं, पण पुन्हा कोर्टात जाऊन.

मुळशीकडे शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं, आणि वारसांबद्दल वाद नसेल तर त्यासाठी बहुधा कोर्टात जावं लागत नाही.

यातल्या कुठल्याही कागदाने मालकी ठरत नाही, सोसायटीतल्या नॉमिनेशननेही नाही. हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आजी (वडिलांची आई), आई, भाऊ आणि बहिणी यांचा वाटा सारखा. बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी असेल तर तिचा वाटा आजच्या बाजारभावाने किती रुपयांचा होतो, ते आधी तिला सांगा. तिने हरकत घेतली तर अर्ज रेंगाळतो, आणि वाटे पाडायला शेवटी वाटपाचा दावाच लावावा लागतो.