प्लग साफ करून तपासणारे मशीन: जुन्या पेट्रोल ट्रकसाठी घ्यावे का?

लोखंडी खोक्याला दोन भोके. एकात स्पार्क प्लग घालून बटण दाबले की हवेच्या जोरावर वाळू काजळी खरवडते. दुसऱ्यात तोच प्लग हवेच्या दाबाखाली ठिणगी टाकतो आणि ती छोट्या काचेतून दिसते. इंदूरमध्ये जुनी पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्याने, म्हणजे जबलपूरच्या कारखान्यातला लष्करी निस्सान वन-टन ट्रक किंवा जोंगा जीप दारात असलेल्याने, हे मशीन स्वतःसाठी घ्यावे का, एवढाच इथे प्रश्न आहे. डिझेल ट्रकवाल्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्या इंजिनात असलाच तर हीटर प्लग असतो आणि तो ठिणगी टाकत नाही.

मशीन हाताशी असले की प्लग निघतो तो न बघताच भोकात जातो. दहा सेकंदांत टोकाभोवतीची चिनी माती पांढरी होते आणि त्या सिलिंडरने काय काय सोसले याचा पुरावा वाळूत मिसळतो. नव्या गाडीत हे एक वेळ चालेल. चाळीस वर्षांच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात मात्र हेड न उघडता आतले सांगणारी वस्तू प्लगच आहे, म्हणून आधी वाचायचे आणि मग धुवायचे.

इंजिन गार असताना प्रत्येक प्लग पाव फेरा सैल करा, भोवतीची माती हवेने उडवा आणि मगच बाहेर काढा. नाहीतर खड्ड्यातला कचरा सरळ पिस्टनवर पडतो. एका फळीला सहा भोके पाडून त्यांना आकडे घाला आणि प्लग त्याच क्रमाने ठेवा. एकट्या प्लगचा रंग बघून निदान करू नये, सहांत वेगळा कोण ते शोधावे. सगळे काळे असतील तर दोष सगळ्यांच्या सामाईक जागी आहे: अडकलेला चोक, तुंबलेला एअर फिल्टर, कार्ब्युरेटरमध्ये चढलेली फ्लोटची पातळी, अशक्त कॉइल. एकच काळा असेल तर त्याच सिलिंडरच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा प्लगची वायर बघायची.

काळा कुठल्या जातीचा ते बोटाला कळते. कोरडी, मखमली, सहज पुसली जाणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे किंवा गाडी उभ्या उभ्या फार चालली आहे. प्लग नुसता ओला असून पेट्रोलचा वास येत असेल तर तिथे ठिणगीच पोचत नाही. चकचकीत, चिकट काळा थर मात्र ऑइलचा असतो, आणि इथे मशीनला बाजूला ठेवून सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज काढावा. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, कॉइलची वायर काढलेली, अशा स्थितीत आकडा घ्या. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर, सुमारे ५ ते १० मिलि, इंजिन ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चांगला चढला तर रिंगा झिजल्या आहेत. कमी असलेला आकडा जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा हेड गॅस्केट गेले आहे. कॉम्प्रेशन ठीक असूनही प्लग तेलकट येत असेल तर व्हॉल्व्ह गाईडवर, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीवर, संशय घ्या. इंदूर-खंडवा रस्त्यावर सिमरोलच्या पुढचा भेरूघाट ॲक्सिलरेटर सोडून उतरल्यावर पायथ्याशी ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघाला तर तो संशय पक्का होतो, कारण उतारावर बंद थ्रॉटलमागचा व्हॅक्यूम गाईडमधून ऑइल खेचतो.

शेजारच्या पाचांवर रंग असताना एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख दिसला तर त्याला चांगला म्हणू नका. त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता मोठी आहे. शेजारशेजारचे दोन तसे दिसले आणि दोघांचेही कॉम्प्रेशन कमी भरले तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे जळले आहे.

पांढऱ्या प्लगबाबत जुनी पुस्तके फसवतात. त्यांतला बिस्किटी-तपकिरी रंग शिसे असलेल्या पेट्रोलच्या काळातला आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले आणि निरोगी इंजिनाचा प्लगही फिका दिसू लागला. शिवाय २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुना कार्ब्युरेटर त्याच जेटवर, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या त्याच बारीक भोकावर, लीन (पेट्रोल कमी) चालतो. उलट इंदूर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने समुद्रकाठच्या हिशोबाचे जेट इथे किंचित रिच (पेट्रोल जास्त) पडते. म्हणून नुसत्या पांढरेपणाला घाबरू नका. दहापट भिंग आणि टॉर्च घेऊन चिनी मातीच्या अगदी तळाशी, जिथे ती लोखंडात शिरते, तिथे बघा. तिथे फिकी काजळीची कडी असेल तर मिश्रण ठीक आहे. टोकावर फोड, वितळल्यासारख्या कडा किंवा ॲल्युमिनियमचे बारीक चकाकणारे मणी दिसले तर गाडी चालवणे थांबवा. ते मणी पिस्टनचे असतात. टायमिंग, लीन मिश्रण आणि प्लगचा हीट नंबर (प्लग किती गरम किंवा थंड चालतो त्याचा आकडा) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हीट नंबरातली एक चूक वारंवार होते. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एका कंपनीचा आकडा दुसरीच्या डब्यावर शोधू नका. थ्रेडची लांबीही जुन्या प्लगला लावून बघा. लांब पडला तर पिस्टन किंवा व्हॉल्व्हवर आपटू शकतो, आखूड पडला तर उघड्या राहिलेल्या आट्यांत कार्बन भरतो.

आणि वाचायचे प्लग कसे आणले यावर सगळे अवलंबून आहे. राजवाड्याच्या गर्दीतून रांगत आलेल्या गाडीचे प्लग काळेच असणार, कारण टोक सुमारे ४५० अंशांच्या वर गेल्याशिवाय काजळी जळत नाही. सकाळी मोकळ्या, सपाट रस्त्यावर चार-पाच किलोमीटर एकसारख्या लोडवर चालवून, क्लच दाबून इग्निशन बंद करा आणि गाडी कडेला घ्या. घाटात हे करू नका: इंजिन बंद पडले की ब्रेकचा बूस्टर लवकरच रिकामा होतो.

आता मशीनच्या कामाकडे. कोरडी काजळी ते उत्तम काढते, वायर ब्रशपेक्षा खूपच चांगली, कारण ब्रशची धातूची रेघ चिनी मातीवर राहिली तर ठिणगी तिच्यावरूनच पळते. तेलकट प्लग मात्र आधी पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर वाळूचा गोळा आत बसतो. तीन-चार सेकंदांचे झोत द्या आणि प्लग गोल हलवत राहा. जास्त वेळ मारले तर पृष्ठभाग खरखरीत होऊन काजळी पुढच्या वेळी लवकर धरते.

टेस्टच्या भोकावर आमचा विश्वास अर्धाच आहे. दाब वाढवत नेताना ठिणगी तुटली तर प्लग टाकून द्यावा, इतपत ते खरे बोलते. पण पास झालेला प्लग मशीनच्या ताज्या कॉइलवर पास झालेला असतो. तुमच्या ट्रकची जुनी कॉइल, जळके पॉइंट आणि कंडेन्सर त्यात तपासले जात नाहीत. गाडी मिसिंग करते आणि मशीन सगळे ठीक म्हणते, तेव्हा तिकडेच बघायचे.

रोज पाच-दहा पेट्रोल गाड्या येणाऱ्या, कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजला हे मशीन घ्यावेसे आहे. एका ट्रकच्या मालकाला नाही. त्याने त्याच पैशांत कॉम्प्रेशन गेज, भिंग, वायरचा गॅप गेज आणि नव्या प्लगांचा संच घ्यावा. गॅप इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवा, पॉइंटच्या इग्निशनला तो बहुधा ०.७ ते ०.८ मिमी असतो. वॉशरचा नवा १४ मिमीचा प्लग हाताने बसल्यावर अर्धा फेरा, तोच पुन्हा बसवताना फेऱ्याचा बारावा भाग पुरतो.

गॅरेजमध्ये मशीनवर साफ केलेला प्लग घेताना तो उलटा धरून पांढऱ्या कागदावर ठोका. एक दाणा जरी पडला तरी पुन्हा हवा मारायला सांगा, कारण तो दाणा सिलिंडरच्या भिंतीवर रेघ ओढतो.