बी १२ साठी दूध-दही की गोळी?

शेजारच्या काकूंनी परवा रिपोर्ट हातात ठेवला. बी १२ जीवनसत्त्व बरंच कमी, पायाला मुंग्या. "अगं, आपल्याकडे अंडंही चालत नाही. दूध वाढवू की गोळी घेऊ?"

मोठ्या माणसाला रोज साधारण २.४ मायक्रोग्रॅम बी १२ लागतं. कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे दोन कप दूध आणि वाटीभर दही झालं की हिशेब जमतो. आपल्या इंदूरच्या पोहे-जिलबीत मात्र बी १२ जवळपास नाहीच. दूध तासन्‌तास आटवलं की त्यातलं काही नष्टही होतं. म्हणून सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतली रबडी मनसोक्त खा, पण बी १२ साठी नको.

खरी गोम पचनात आहे. अन्नातलं बी १२ प्रथिनांना चिकटलेलं असतं, ते सुटायला पोटातलं आम्ल लागतं. साठीनंतर ते अनेकांचं कमी होतं. काकू मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही घेतात, त्यानेही शोषण घटतं. गोळीतलं बी १२ मोकळंच असतं, आणि मोठ्या डोसातलं एखादा टक्का तरी आपोआप रक्तात उतरतं.

खर्चात गोळी स्वस्त. पण दुधात प्रथिनं आणि कॅल्शियमही मिळतं, ते गोळीत कुठलं?

रिपोर्ट ठीक असलेल्या तरुण शाकाहारी माणसाला दूध-दही पुरे. काकूंसारख्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, गरज पडली तर इंजेक्शनही. मुंग्या अंगावर काढू नयेत, नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.