पटावर कोण आणि फळ्यापाशी कोण: एका सरकारी मराठी हायस्कूलचा अनुभव

माझी मुलगी बेळगावच्या दक्षिण भागातील एका सरकारी मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून यंदा दहावी झाली. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि हायस्कूल आठवी ते दहावी असल्याने पालकांना शाळेची निवड आठवीला पुन्हा करावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पटाच्या बाबतीत शाळा उजवी आहे. वडगाव-शहापुरातील यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, उद्यमबागेत फाउंड्रीत जाणाऱ्यांची आणि येळ्ळूर-धामण्याहून बसने येणारी शेतकऱ्यांची मुले येथे एकाच बाकावर बसतात. बहुतेकांच्या घरी मराठी असली तरी काहींच्या घरी कानडी किंवा उर्दू बोलली जाते. आमच्या मुलीची कानडी पाठ्यपुस्तकाने सुधारली त्याहून अधिक दुपारच्या अक्षर दासोहाच्या (शाळेतल्या मोफत जेवणाच्या) पंगतीत सुधारली. (सांबार मात्र बेताचेच.)

उणीव आहे ती शिक्षकांची. मराठी आणि समाजविज्ञानाचे शिक्षक कायम असून ते मनापासून शिकवतात. दहावीला प्रथम भाषेचा पेपर 125 गुणांचा असल्याने त्याचा लाभही झाला. विज्ञानाची जागा मात्र तिन्ही वर्षे रिकामी होती आणि दरवर्षी मानधनावर नवे अतिथी शिक्षक नेमले गेले. नववीत आलेल्या बाई हुशार होत्या, परंतु त्या जुलै संपता संपता रुजू झाल्या आणि वर्ष संपताच त्यांची नेमणूकही संपली. मुलांची ओळख होऊन शिकवण्याला लय येते, नेमकी तेव्हाच माणसे बदलतात. गणिताचे सर कानडी माध्यमात शिकलेले असल्यामुळे ते ‘एलसीएम’ म्हणत आणि पुस्तकात ‘लसावि’ असे. परीक्षेच्या तोंडावर आम्ही अशा शब्दांची यादी करून भिंतीला लावली होती. मुख्याध्यापकही प्रभारी होते, त्यामुळे कार्यालयीन कामात त्यांचे इंग्रजीचे तास वारंवार बुडत. त्यातच 2025 मध्ये राज्याच्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणाला शिक्षक जुंपले गेल्याने दसऱ्याची सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत लांबली. तो तोटा ऐन दहावीच्या वर्षात झाला आणि त्यात शाळेचा काही दोष नव्हता.

धाकट्यासाठी आम्ही याच शाळेचा अर्ज भरला आहे. अर्ज देताना विज्ञानाच्या जागेवर कोण आहे, असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “अतिथी येतील.” तूर्त शिकवणीचे पैसे बाजूला काढून ठेवले आहेत.